मुक्कामाचा इतिहास : तांडा, गाडी आणि चाकांवरचं घर

इतिहासावरच्या व्याख्यानात राजे येतात, लढाया येतात, तह येतात. आज आम्ही ज्या गोष्टीचा इतिहास मांडणार आहोत ती फार साधी आहे. प्रवासात संध्याकाळ झाली की माणूस थांबतो, ती गोष्ट. माणूस कशाने गेला, किती वेगाने गेला, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. तो थांबला कुठे, त्याला थांबू कोणी दिलं, आणि थांबलेल्या माणसाला आजूबाजूच्यांनी काय म्हटलं, याचा विचार त्या मानाने थोडा झाला. 'मुक्काम' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. पत्रावर आपण 'मु. पो.' लिहीत आलो, त्यातला 'मु.' म्हणजे मुक्काम. म्हणजे कायमच्या गावालाही आपण मुक्कामच म्हणतो. या शब्दाच्या पोटात काय काय दडलंय ते आज जरा उलगडून बघू.

हा विषय धनजला बसून बोलण्यात एक औचित्य आहे. आपल्या कारंजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटर, नागपूर ते मुंबई, आठ तासांत. जून २०२५ मध्ये त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला. त्या रस्त्यावर बैलगाडीला मज्जाव, दुचाकीला मज्जाव, आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून उगाच थांबायलाही मज्जाव. आणि याच वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात, पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, आणि ज्या समाजाचं सगळं आयुष्य शतकानुशतकं रस्त्यावर गेलं त्या बंजारा समाजाची ती काशी. एकाच जिल्ह्यात थांबू न देणारा रस्ता आणि थांबत थांबत जाणाऱ्यांचं तीर्थ, अशी दोन्ही टोकं आहेत.

बोलण्याचं निमित्तही सांगतो. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं नवराबायको थरच्या वाळवंटात जाऊन आलो. दोघांचीही सत्तरी उलटलेली. भाच्याची जीप, आणि तिच्या मागे जोडलेला छोटा कॅम्पर ट्रेलर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : दोन चाकांची पेटी असते. झाकण उघडलं की वर तंबू उभा राहतो, आत गादी, मागच्या बाजूला ओढून काढायचा ओटा, त्यावर दोन शेगड्या, खाली पाण्याची टाकी. बऱ्हाणपूर, इंदूर, चित्तोड, जोधपूर, जैसलमेर असा रस्ता धरला. दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर जायचं नाही हा नियम. कुठे पोचायची घाई नव्हती. सून म्हणाली, विमानाने जोधपूरला दोन तासांत जाल. आम्ही म्हटलं, मग बघायचं काय?

लोकांना या प्रवासाचं फार कौतुक वाटलं. काहीतरी नवीन, परदेशी, धाडसी असं काही. आमचं म्हणणं वेगळं आहे. संसार बरोबर घेऊन, नवराबायकोने, सावकाश, वाळवंटाच्या वाटेने जाणं ही या जिल्ह्याला सगळ्यांत जुनी माहीत असलेली गोष्ट आहे. फक्त ती माणसं वाळवंटाकडून इकडे येत होती आणि आम्ही इकडून तिकडे गेलो.

बंजारा समाजाची परंपरा आपलं मूळ मारवाडात, राजपुतान्यात सांगते, आणि गोरबोली भाषेचं राजस्थानी बोलींशी असलेलं नातं त्या परंपरेला पुष्टी देतं. राठोड, पवार, चव्हाण ही गोत्रनावं आपल्या शेजारपाजारची आहेत. 'लमाण' हा शब्द बरेच अभ्यासक 'लवण' म्हणजे मीठ या शब्दाशी जोडतात. बालोतऱ्याजवळ पचपदरा म्हणून गाव आहे, तिथे आम्ही मुद्दाम थांबलो. जमिनीत खड्डे खणतात, खाली खारं पाणी लागतं, त्यात काटेरी झुडपांच्या फांद्या टाकतात आणि त्या फांद्यांवर मिठाचे खडे धरतात. हे मीठ, सांभर सरोवराचं मीठ, बैलांच्या पाठीवरून मध्य हिंदुस्थानात उतरायचं. जाताना मीठ, येताना धान्य, कापूस, गूळ. वऱ्हाडचा कापूस अमरावतीहून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत, सुमारे पाचशे मैल, बैलांच्या पाठीवर जात असे. रेल्वे यायच्या आधी आपल्या कपाशीला जगाचा बाजार दाखवला तो बैलाने आणि बैल हाकणाऱ्याने.

हा कारभार केवढा मोठा होता याची कल्पना आज येत नाही. १६३२ साली पीटर मंडी नावाचा इंग्रज आग्र्याहून पाटण्याला निघाला होता. वाटेत त्याला एक तांडा भेटला. त्याने बैलांची संख्या लिहिली आहे चौदा हजार, सगळे धान्याने लादलेले. तांड्यात बायकामुलं धरून सहा-सातशे माणसं असतात, असंही तो नोंदवतो. त्याच शतकातला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए सांगतो की अरुंद वाटेवर समोरून असा बैलांचा काफिला आला तर तो निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबून राहावं लागे. आपल्या कारंज्याचंच उदाहरण घ्या. १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजा लुटलं तेव्हा उंची कापड, सोनंचांदी वाहून न्यायला चार हजार बैल आणि गाढवं लागली, असं इतिहासकार सांगतात. लाडांचं कारंजं एवढं श्रीमंत होतं ते व्यापाराने, आणि व्यापार चालायचा बैलांच्या पाठीवर.

पण आम्हाला मंडीच्या नोंदीतली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तो म्हणतो, ही माणसं दिवसाला फार तर सहा-सात मैल जातात, तेही उन्हं चढायच्या आत. मग बैल मोकळे करतात आणि चरायला सोडतात. जमीन भरपूर आहे आणि मनाई करणारं कोणी नाही. सहा-सात मैल म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. या हिशेबाने समृद्धीचं आठ तासांचं अंतर कापायला तांड्याला दोन महिन्यांहून जास्त लागले असते. ही गती आळसातून आलेली नाही. बैल वाटेवर चरतो म्हणून त्याच्या वैरणीचा खर्च नाही, आणि वैरणीचा खर्च नाही म्हणून पाचशे मैलांवरून आणलेलं मीठ गरिबाला परवडतं. घाईने हाकलं तर बैल वाळतो आणि सगळा हिशेब कोसळतो. सावकाश जाणं हेच त्यांचं अर्थशास्त्र होतं.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज निरीक्षकांनी एक फार सुंदर रीत नोंदवून ठेवली आहे. तांड्यात एक बैल देवाला सोडलेला असे. त्याच्या पाठीवर ओझं नाही, अंगावर लाल रेशीम, गळ्यात घुंगरं. तो सगळ्यांच्या पुढे चालायचा. आणि तो दमून जिथे बसेल तिथे त्या दिवसाचा मुक्काम. नकाशा नाही, घड्याळ नाही, नायकाचा हुकूमसुद्धा नाही. मुक्कामाची जागा जनावराच्या थकव्यावर ठरायची. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. स्वातंत्र्य म्हणजे काय, या प्रश्नावर वर्गात तासन्‌तास बोललो. दमलेल्याच्या दमण्याचा मान राखून सगळ्यांनी थांबणं, ही स्वातंत्र्याची व्याख्या आम्हाला कुठल्या ग्रंथात सापडली नव्हती.

आणि या प्रवासात बाई मागे घरी राहिलेली नाही. पुरुष परदेशी आणि बाई उंबऱ्यात, हे चित्र आपल्याला सवयीचं आहे. तांड्यात उंबराच नव्हता. बैलाच्या पाठीवर गोणी दोन्ही बाजूंना तोलून टाकावी लागते, एकट्याचं ते काम नाही. एकाने इकडून उचलायचं, दुसऱ्याने तिकडून. मुक्कामाला त्याच गोण्या रचून आडोसा करायचा, वर कापड टाकायचं, चूल मांडायची. मंडी लिहितो की प्रसंग पडला तर या बायका पुरुषांसारख्या लढतात. कांचळीवरचे आरसे आणि हातभर बलिया आपण मिरवणुकीत कौतुकाने बघतो. त्या हातांनी पाचशे मैलांची वाट चालवली आहे, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

आता प्रश्न असा की मनाई करणारं कोणी का नव्हतं? लोक फार उदार होते म्हणून? तसं नाही. राज्यांना या लोकांची गरज होती. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत कंदाहारच्या मोहिमेच्या संदर्भात बंजाऱ्यांचा उल्लेख केलाय. मुलतानच्या पुढे पीकपाणी नाही, तेव्हा फौजेला धान्य पुरवायला हेच लोक पाहिजेत, असा त्याचा विचार. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांशी लढत वऱ्हाडात शिरला, अडगाव आणि गाविलगड इथे लढाया झाल्या, तेव्हा त्याच्या सैन्याचं पोटही बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होतं. त्याच्या पत्रांमध्ये त्यांचा उल्लेख वारंवार येतो. बंजारा परंपरेत एक सनद सांगितली जाते. शहाजहानच्या काळात वजीर आसफखानाने भंगी आणि जंगी या नायकांना ती दिली, असं म्हणतात. रांजणातलं पाणी, छपराचं गवत आणि दिवसाला तीन खून माफ, असा तिचा आशय. लोक त्यातल्या तीन खुनांवर अडकतात. आम्ही म्हणतो, पहिले दोन हक्क बघा. पाणी आणि गवत. याचा अर्थ कुठेही मुक्काम करण्याचा हक्क. ती सनद खरोखर लिहिली गेली असो वा नसो, फिरत्या समाजाने राजाकडे काय मागावं असं त्यांना वाटत होतं, ते तिच्यातून कळतं.

गरज संपली तेव्हा काय झालं? १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ ही आपली शकुंतला धावू लागली, तीही कापसासाठीच. मिठाचा व्यापार तर दुहेरी तुटला. मिठावरच्या करासाठी इंग्रजांनी देशाच्या मधोमध काटेरी कुंपणाची जकातसीमा उभी केली, ती दक्षिणेकडे बऱ्हाणपूरच्या बाजूपर्यंत आली होती. १८७९ मध्ये ती उठली, पण उठली ती सरकारने १८७० च्या दशकात सांभर, पचपदरा ही मिठागरंच करारांनी ताब्यात घेतली म्हणून. मीठ सरकारचं आणि वाहतूक आगगाडीची. बैल बसला, आणि या वेळी त्याच्यासाठी कोणी थांबलं नाही.

आणि मग कायदा आला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. आधी उत्तर हिंदुस्थानात, १९११ च्या कायद्याने देशभर. एखादी जमात यादीत गेली की तिच्यातल्या माणसांची नोंद, हजेरी, गाव सोडायला परवाना. गुन्हा केलाय का हा प्रश्नच नाही. जन्म पुरे. या कायद्यामागे एक गृहीतक होतं : ज्याचा ठाव नाही त्याच्या मनात काहीतरी आहे. वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांवर त्या काळी जे महत्त्वाचं टिपण लिहिलं गेलं, ते कंबरलेज नावाच्या पोलीस अधिकाऱ्याचं आहे. माहिती त्यात पुष्कळ आहे, पण कुठल्या समाजाचा अभ्यास कुठलं खातं करतं, यावरून सरकार त्याच्याकडे कसं बघतं ते कळतं. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा समाज आज विमुक्त जातींच्या यादीत आहे. 'विमुक्त' म्हणजे त्या यादीतून सोडवलेले. कायदा गेला तरी नावात त्याची आठवण राहिली.

इथे जरा समुद्रापलीकडे जाऊ, कारण नेमकं याच काळात तिकडे एक गंमत घडत होती. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल डॉक्टरने स्वतःसाठी चाकांवरचं घर बांधून घेतलं. 'वाँडरर' त्याचं नाव. दोन घोडे, एक गाडीवान, एक नोकर. त्यात बसून हा गृहस्थ इंग्लंडहून स्कॉटलंडपर्यंत रमतगमत गेला. हौसेच्या कॅराव्हॅन प्रवासाची सुरुवात इथून मानतात. १९०७ मध्ये तिथे कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला. ही कल्पना त्याला सुचली कशावरून? रोमा लोकांच्या, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणत त्यांच्या गाड्यांवरून. आणि त्याच १८८० च्या दशकात इंग्लंडच्या संसदेत रोमांच्या फिरत्या घरांवर नोंदणी आणि तपासणी लादणारी विधेयकं येत होती. ती मंजूर झाली नाहीत, पण मागणी जोरात होती. डॉक्टर गाडीत राहिला तर हवापालट, रोमा गाडीत राहिला तर समाजाला धोका. आणि हे रोमा कोण? त्यांची भाषा भारतीय-आर्य कुळातली आहे, आणि त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी वायव्य हिंदुस्थानातून बाहेर पडले, हे भाषाशास्त्राने केव्हाच दाखवून दिलंय. शब्दाचाही प्रवास बघा. फारसी 'कारवान' इंग्रजीत जाऊन 'कॅराव्हॅन' झाला, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं तेव्हा तो मराठीत परत आला. आपल्याकडे 'तांडा' हा शब्द होताच. तो कोणाला आठवला नाही.

आता राजस्थानातला एक प्रसंग सांगतो. चित्तोडच्या पुढे एका गावाबाहेर, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत आम्ही ट्रेलर लावला. अंधार पडल्यावर पोलीस आले. आम्ही ओळखपत्र काढतोय तोवर त्यांनी आमचे पांढरे केस बघितले, गाडीचा नंबर बघितला आणि म्हणाले, बाबूजी, आरामात राहा, काही लागलं तर फोन करा. सकाळी त्यांच्यातल्या एकाने दूध आणून दिलं. त्याच जागेत, आमच्यापासून पन्नास पावलांवर, गाडिया लोहारांची तीन बिऱ्हाडं होती. त्यांना त्याच सकाळी उठवलं. गावातून तक्रार आहे म्हणाले. भांडण झालं नाही, कोणी कोणावर हात उगारला नाही. त्यांनी सामान गाड्यांवर चढवलं, खाट उलटी करून वर बांधली आणि निघाले. आमचा चहा व्हायचा होता.

गाडिया लोहार म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. १५६८ मध्ये अकबराने चित्तोड घेतलं. या लोहारांची परंपरा सांगते की आमचे पूर्वज चित्तोडच्या राण्यासाठी हत्यारं घडवायचे. किल्ला पडला तेव्हा त्यांनी शपथ घेतली : चित्तोड परत मिळेपर्यंत छपराखाली राहायचं नाही, दिवा लावायचा नाही, खाटेवर झोपायचं नाही. म्हणून खाट गाडीवर उलटी बांधलेली. बैलगाडी हेच घर. एप्रिल १९५५ मध्ये पंडित नेहरू त्यांना समारंभाने चित्तोडच्या किल्ल्यात घेऊन गेले. शपथ सुटली, आता स्थिर व्हा, असा त्याचा अर्थ. काही जण झाले. पुष्कळांना जमीनच मिळाली नाही, मग शपथ सुटून उपयोग काय? आपल्याकडे घिसाडी, गाडी लोहार म्हणतात ते हे किंवा यांचे भाऊबंद. वखराची पास, विळे, कुऱ्हाडी धार लावायला ते आपल्या गावांत येतात. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि बायको घण मारते. डोक्यावर पदर आणि हातात घण. नवराबायको, चाकांवरचं घर, वाळवंटाकडून आलेली वाट. आमच्या प्रवासाचं वर्णन करायला जे शब्द वापरले तेच सगळे इथे लागू पडतात. फरक एवढाच की त्यांना उठवलं आणि आम्हाला दूध मिळालं.

हा फरक कशाने पडला? श्रीमंतीने म्हणावं तर आमची पेटी त्यांच्या गाडीपेक्षा फार भारी होती असं नाही. शिक्षणाने म्हणावं तर पोलिसाने आमची पदवी विचारली नव्हती. आमच्याकडे पत्ता होता. आधार कार्डावर, गाडीच्या कागदांवर, निवृत्तिवेतनाच्या पुस्तकावर एकच पत्ता. आम्ही फिरतो आहोत कारण आम्हाला परत जायचं आहे, हे समोरच्याला कागदावरून कळत होतं. घर मागे असलेल्याचं फिरणं सहल ठरतं आणि घर बरोबर असलेल्याचं फिरणं अतिक्रमण. विमुक्त-भटक्यांसाठी नेमलेले रेणके आयोग आणि इदाते आयोग, दोन्हींचे अध्यक्ष मराठी माणसं. फिरणाऱ्याकडे रहिवासाचा पुरावा नसतो, म्हणून रेशन कार्ड नाही, जातीचा दाखला नाही, म्हणून सवलत नाही, हे दुखणं त्यांच्या कामात ठळकपणे पुढे आलं. १८७१ मध्ये माणसाला परवाना मागायचे, आज पुरावा मागतात.

कोणी म्हणेल, सर, तुम्ही भटकंतीचं फार गुणगान करता. तसा आमचा हेतू नाही. स्थिर होण्यात मोठं बळ आहे. पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यात १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ इतका दीर्घ काळ या राज्याचे मुख्यमंत्री राहिले. गहुलीचा तांडा त्यांच्या आजोबांनी वसवला होता. रस्त्यावरून जमिनीवर आलेल्या समाजाने दोन-तीन पिढ्यांत काय करून दाखवलं, याचं हे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. पण प्रत्येक तांड्याला गहुलीचं नशीब लाभलं नाही. आत्माराम कनीराम राठोड यांचं 'तांडा' हे आत्मकथन ज्यांनी वाचलंय त्यांना स्थिर झालेल्या तांड्याची भूक माहीत आहे.

आणि आजही दिवाळी सरली की कितीतरी तांडे ओस पडतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला माणसं जातात. तिथे मजुरांची मोजदाद माणसावर होत नाही, कोयत्यावर होते. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला सहा महिने. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली, ट्रॉलीत पत्र्याची पेटी, भांडी, सरपण, कोंबड्या, शेळी, आणि वर बसलेली पोरं. पोचल्यावर उसाच्या पाचटाची किंवा प्लास्टिकच्या कापडाची कोपी. यालाही चाकांवरचा संसारच म्हणायचं. नवराबायको दोघं आहेत, मागे ट्रेलर आहे, लांबचा रस्ता आहे. पण कधी निघायचं, कुठे थांबायचं, कधी परतायचं, यातलं काहीही त्यांच्या हातात नाही. जुन्या तांड्याची गरिबी काय असेल ती असो, बैल बसला की थांबण्याची मुभा त्यांच्याकडे होती. ती गेली. आमच्या मते या दीडशे वर्षांतलं सगळ्यांत मोठं नुकसान ते.

कांट हा जर्मन तत्त्वज्ञ आपल्या गावापासून फार दूर कधी गेलाच नाही. घरात बसून त्याने १७९५ मध्ये चिरशांतीवर एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की परक्या भूमीवर आलेल्या माणसाला शत्रू म्हणून न वागवलं जाण्याचा हक्क आहे. का? पृथ्वी गोल आहे, माणसं अनंत पांगू शकत नाहीत, शेवटी एकमेकांच्या शेजारी राहावंच लागतं, आणि मुळात कुठल्याही जागेवर कोणा एकाचा दुसऱ्यापेक्षा जास्त अधिकार नाही. कायम राहण्याचा हक्क तो मागत नाही, फक्त येण्याचा आणि टेकण्याचा. रांजणातलं पाणी आणि छपराचं गवत मागणाऱ्या नायकाने आणि या प्राध्यापकाने मागितलंय ते एकच. फरक असा, की कांटचं पुस्तक आपण अभ्यासक्रमाला लावलं.

आपल्या परंपरेत याला जागा नव्हती असंही नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी निघते तेव्हा वाटेवरची गावं महिनाभर अंगण झाडून ठेवतात, पिठलंभाकरी करतात, शाळेच्या खोल्या उघडून देतात. तेव्हा कोणी दिंडीला पत्ता विचारत नाही. म्हणजे थांबलेल्याचं स्वागत करायची रीत आपल्याला येते. ती देवाच्या नावाने येते, पोटाच्या नावाने आलेल्याला मात्र आपण हटकतो.

मग आपण धनजच्या माणसांनी काय करायचं? मोठा कायदा आपल्या हातात नाही, पण ग्रामसभा आहे. आपल्याकडे गावोगाव ई-क्लासची जमीन आहे. ती मुळात गुरांची, म्हणजे चरण्याची आणि टेकण्याची जमीन. तिच्यातला एक तुकडा मुक्कामाची जागा म्हणून ठरवता येईल. एक नळ, एक झाड, एक संडास, आणि एक पाटी की इथे आठ दिवस राहायला हरकत नाही. उन्हाळ्यात मेंढरं घेऊन येणारा धनगर, धार लावणारा गाडी लोहार, कोयता घेऊन परतणारी जोडी, कोणीही टेकेल. कॅराव्हॅन धोरणाखाली कोणी हौशी पाहुणा आला तर तोही तिथेच उतरेल. एकाच जागेत, एकाच नळावर. हौशी पाहुण्यासाठी वेगळी आणि गरजूसाठी वेगळी अशी सोय केली तर आपण १८८५ मध्येच राहिलो असं समजा.

पोहरादेवीला २०२४ मध्ये बंजारा विरासतीचं नंगारा संग्रहालय सुरू झालं. तिथे जरूर जा, मुलांना घेऊन जा. पण ज्यांच्या पूर्वजांची गोष्ट आपण संग्रहालयात तिकीट काढून बघतो, त्यांच्यातलं कोणी पुढच्या महिन्यात ट्रॉली घेऊन आपल्या फाट्यावर रात्रीपुरतं थांबलं, तर आपण त्यांच्याकडे काय म्हणून बघणार, हे आजच ठरवलेलं बरं. ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत ई-क्लासचा विषय कोणी मांडणार असेल तर आम्ही दोघंही हजर राहू.

बोलणं लांबलं. आता प्रश्न असतील ते विचारा.